हजेरीपट

हजेरीपट माझ्या हातचा.
अकरा हंगाम मी त्यात लिहीत आलो:
मैना टेकाम, किरकोळ, दिवसाचे तीनशे.

किरकोळ म्हणजे
गाडी रिती झाली की सांडलेलं वेचायचं,
सरकीच्या ढिगावर ताडपत्री ओढायची,
मालकांना चहा.
आणि जे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही ते असं की
गंगशेट्टीवार काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हापासून आमच्या जिनिंगला दिसतं
ते तिच्या बोटांनी.

गाडीत कोपरापर्यंत हात घालते.
मूठ दाबते, सोडते.
चिमटीतला पुंजका अंगठ्यानं ओढत ओढत
चार धागे उरवते, पदरावर आडवे ठेवते.
"साडेअठ्ठावीस. वरून कोरडा, पोटात ओला.
मधात कवडी भरली हाये."
मी तेवढं कागदावर घेतो.
खाली सही काकांची.

मागल्या वर्षी ओलावा मोजायचं यंत्र आलं.
त्यानं नऊ दाखवले, ती म्हणाली चौदा.
सगळे हसले, मीही.
रात्री ढीग तापला, फावड्यानं उपसला
तेव्हा आतून वाफ निघाली, भाताच्या गंजातून निघावी तशी.
यंत्राची पावती अजून फायलीत आहे,
साडेबारा हजार, अधिक कर.

जानेवारीत पैनगंगेपलीकडचा एक माणूस
चहाच्या टपरीवर तिला भेटून गेला.
आमच्याकडे ये म्हणाला. काय घेशील?
ती तडक माझ्याकडे, काट्याच्या खिडकीशी.
"बाबू, माहा भाव काय हाये?"

रोज दीडशे माणसांना मी भाव सांगतो.
काट्याच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला,
दिवसाला इतक्या गाड्या,
क्विंटलमागे पन्नास जरी वाचवले तिनं,
असे एकशेवीस दिवस.
चिठ्ठी संपली, दुसरी घेतली.
ती बघत होती.
"हे तं जिनिंगचं झालं. याच्यातलं माहं केवढं?"

ते मला येईना.
हिंगणघाटच्या साडभावाला फोन लावला.
तिकडच्या ग्रेडरला अठ्ठावीस मिळतात, वर राहायला खोली,
आणि तो फरदड अन् पहिल्या वेच्यात गफलत करतो.

चार दिवस ती आकडा तोंडात घोळवत होती.
पळसाच्या बंधाऱ्यापर्यंत मोठ्यानं म्हणायची,
गाव आलं की गिळायची.
पंचवीस हजार.
म्हणाली, घशात तूस अडकल्यावानी होते.

सोमवारी मालकांसमोर बोलली.
बोलली आणि गप्प बसली.
अकरा वर्षं व्यापाऱ्यांना जवळून पाहिलंय तिनं:
भाव सांगितल्यावर जो आधी तोंड उघडतो
तो हरतो.
पंखा फिरत होता. मालकांनी कॅल्क्युलेटर
उजवीकडून डावीकडे ठेवला.
"पण बाई, ग्रेडरला सही करावी लागते."
"काकाची सही दोन वर्सापासून मीच करतो."
मालकांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पंख्याकडे.

एकोणीसवर आलं.
मला वाटलं, आता ती हात जोडेल.
"पैशाचं पुढच्या हंगामाले पुन्हा बोलू," ती म्हणाली,
"पयले त्या वहीत माहं काम लिवा."

किरकोळवर रेघ मारली. कागद जुना, शाई फुटली.
वर दाटीवाटीनं बसवलं: ग्रेडर.
त्याच पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत
माझंच अक्षर, माझंच नाव,
काटाबाबू, सोळा वर्षं,
आकडा मी हाताखाली झाकला.

दारातून जाता जाता ती थांबली.
माझ्याकडे पाहिलं,
गाडीच्या पोटात हात घालण्याआधी पाहते तसं.
काही बोलली नाही.
बाहेर तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.